भीमेच्या पाण्याचे माहेर



आपल्या भिगवण परिसरात पावसाळ्याच्या दिवसांत एक आकडा घरोघरी विचारला जातो. ‘दौंडचा विसर्ग किती?’ दुकानाच्या ओट्यावर, एसटी स्थानकावर, अगदी लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न निघतो. दौंडहून उजनीत किती क्युसेकने पाणी येत आहे, यावर उसाची लागण, कर्जाची फेड आणि पुढच्या वर्षीचे मुलीचे लग्न ठरत असते. इंदापूर-बारामतीच्या आपल्या पट्ट्यात पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पावसावर ऊस उभा राहत नाही. तो उभा राहतो तो दुसऱ्याच्या अंगणात पडलेल्या पावसावर.

ते अंगण कोणाचे, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. आपली नजर दौंडपर्यंत जाते आणि तेथेच थांबते. या महिन्याच्या लेखात दौंडच्या वर, नदीच्या उलट दिशेने, तिच्या उगमापर्यंत जाऊ या.

भीमा भीमाशंकरला उगम पावते, हे आपण शाळेत शिकलो. परंतु उजनीत येणारे पाणी एकट्या भीमेचे नाही. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा अशा नद्या तिला वाटेत मिळतात आणि दौंडच्या परिसरात घोड नदी तिला मिळते. घोड आपल्याबरोबर कुकडीचे पाणीही घेऊन येते. या घोडेचा उगम आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर, आहुपे गावाच्या परिसरात आहे. गावाच्या पश्चिमेस जमीन एकाएकी संपते आणि कडा सरळ खाली कोकणात, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात उतरतो. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. पूर्वी याच आहुपे घाटाने माणसे व माल कोकणातून देशावर येत असे.

बँकेच्या नोकरीत काही वर्षे माझी नेमणूक जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात होती. त्या काळात घोडेच्या खोऱ्यातील वाड्यावस्त्यांवर बरेच फिरणे झाले. निवृत्तीनंतरही दोन-तीनदा जाणे झाले. येथील बहुसंख्य वस्ती महादेव कोळी समाजाची. ठाकर आणि कातकरी कुटुंबेही आहेत. घरे उतारावर, एकाखाली एक. अंगण शेणाने सारवलेले, पडवीत पाटा-वरवंटा, दारात लाकडाची मोळी. पावसाळ्यापूर्वी घराच्या पावसाकडील भिंतीला पेंढ्याची अथवा पानांची झड बांधतात, कारण वरून पडणाऱ्या पावसापेक्षा आडवा मारणारा पाऊस येथे अधिक त्रास देतो. आपल्याकडे जो पाऊस पाच-सहा वर्षांत मिळून पडेल, तो येथे एका पावसाळ्यात पडतो. माथ्यावरील पर्जन्यमान तीन हजार मिलिमीटरच्या घरात आहे.

एवढा पाऊस पडूनही एप्रिल उजाडला की याच गावांतील स्त्रिया डोक्यावर हंडा घेऊन झऱ्याच्या वाटेला लागतात. झऱ्याच्या खळग्यात वाटीने पाणी भरत बसावे लागते. काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हे कोडे प्रथम मलाही उलगडत नव्हते. त्याचे उत्तर खडकात आहे.

याबाबतीत जावा बेटाशी तुलना उद्बोधक ठरते. इंडोनेशियातील हे बेट महाराष्ट्रापेक्षा आकाराने बरेच लहान. तरीही तेथे पंधरा कोटींच्या आसपास माणसे राहतात. तेथील डोंगराळ गावांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. डोंगराला पायऱ्या पायऱ्या काढून केलेली भाताची हिरवी खाचरे, मधून वाहणारे पाट, बांधावर नारळ आणि केळी. आहुप्याच्या खालच्या उतारावर श्रावणात उभे राहिले, तर नजरेला फारसा फरक जाणवत नाही. तो कळतो उन्हाळ्यात. जावाचे ज्वालामुखी अजून जिवंत आहेत. त्यांची राख ताजी, माती सुपीक, आणि डोंगरात मुरलेले पाणी झऱ्यांवाटे बाहेर येत राहते. पुष्कळ ठिकाणी वर्षात दोन, कोठे तीन पिकेही निघतात. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. पण तो थंड होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली. हा काळा कातळ घट्ट आहे, त्याच्यावर मातीचा थर पातळ आहे. पाणी मुरण्याऐवजी ते घसरून जाते, आणि आपण ज्याला विसर्ग म्हणतो तो हाच. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे, तर या गावात जमा अफाट होते, पण शिल्लक काही राहत नाही. ती आपल्या खात्यावर येऊन पडते.

अशा जमिनीत शेती करायची म्हणजे आधी शेत तयार करावे लागते. येथील शेतीचे वर्ष उन्हाळ्यात सुरू होते. भाताचे रोप जेथे वाढवायचे त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळके गवत आणि बारीक फांद्यांचे थर देऊन ते भाजतात. त्याला राब भाजणे म्हणतात. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरतात. तीन-साडेतीन आठवड्यांनी रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधतात. खाचरात चिखलणी होते आणि मग सर्व गाव आवणीला लागते. गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून, सतत कोसळणाऱ्या पावसात दिवसभर हे काम चालते. पूर्वी पाठीवर बांबूचे व पानांचे इरले असे. आता बहुतेकांच्या पाठीवर प्लॅस्टिकचा कागद दिसतो. चढाच्या जमिनीवर नाचणी, वरई आणि खुरासणी. दिवाळीच्या सुमारास कापणी, मग खळ्यावर झोडणी. एक पीक, आणि त्यावर वर्ष काढायचे.

ज्याच्याजवळ चार खाचरे आहेत त्याचे वर्ष निघते. ज्याची सर्व जमीन उताराची, त्याने काय करावे? उतारावर वरई-नाचणी घेतली की दोन-तीन वर्षांत माती वाहून जाते आणि ती जागा पुन्हा पडीक ठेवावी लागते. यावर या डोंगरी लोकांनी फार पूर्वी एक उपाय शोधला आहे. त्याचे नाव पडकई.

पडकई म्हणजे दहा-पंधरा कुटुंबांनी एकत्र येऊन, एकेकाच्या उतारावर पाळीपाळीने खाचर तयार करून देणे. हे काम सुगीनंतरच्या रिकाम्या महिन्यांत चालते. उताराला आडवी रेघ धरून दगडांचा बांध रचतात, वरच्या बाजूची माती ओढून बांधाच्या आत भरतात आणि तुकडा सपाट करतात. आज तुझ्या रानात, आठवड्याने माझ्या. रोख मजुरी नाही. ज्याचे काम त्याने जेवण द्यावयाचे. आपल्या देशावर पूर्वी इर्जिक घालीत असत, त्याच कुळातील ही रीत. जावामध्ये अशा परस्पर साहाय्याला ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी १ जून १९४५ च्या भाषणात आपल्या नव्या राष्ट्राचे सार याच शब्दात सांगितले होते. त्यांच्या रीतीला राष्ट्राच्या पायाचा मान मिळाला. आपल्या पडकईचे नाव मात्र पुणे जिल्ह्यातच पुष्कळांनी ऐकलेले नाही.

एका वाडीत सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ आपले खाचर दाखवीत होते. बांध सुरेख, दगडाला दगड बसलेला. चुना-सिमेंट काही नाही. मी विचारले, “बाबा, हा बांध तुम्ही घातला का?”

ते म्हणाले, “माझ्या एकट्याच्यानं कसा व्हईल, सायेब? समद्यांनी मिळून घातला. मी त्यांच्यात गेलो, ते माझ्यात आले.”

बांधाच्या एका टोकाला दगड थोडे उतरते ठेवलेले होते. त्याचे कारण विचारले, तेव्हा ते सहज बोलून गेले, “पाण्याला वाट दिली नाय, तर ते आपली वाट आपण काढतं. मग बांध ऱ्हात नाय.”

हे वाक्य पुढे मला फार निराळ्या संदर्भात आठवले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच खोऱ्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि त्याच्यामुळे ही वार्ता बाहेर पोहोचली. दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. मुसळधार पाऊस हे तात्कालिक कारण होते. त्यानंतर जी चर्चा झाली, तीत उतारावरील जमिनीची यंत्राने केलेली तोड हा मुद्दा पुन्हा पुन्हा पुढे आला. काहींनी सरसकट पडकईलाच दोष दिला. डोंगरात वर्षानुवर्षे काम केलेल्यांनी त्यास हरकत घेतली. त्या एका घटनेचा निवाडा करण्याचा अधिकार भूगर्भशास्त्रज्ञांचा आहे, माझा नाही. पण एक भेद आपण लक्षात ठेवला पाहिजे. हाताने केलेली पडकई मंद असते. एका हंगामात थोडेच गुंठे होतात. दगड बसतो, माती मुरते, पाण्याची वाट कोठे आहे हे पुढच्या पावसात कळते आणि मग बांध दुरुस्त होतो. यंत्र एका दिवसात डोंगराची कूस कापते आणि निघून जाते. काम तेच दिसते, पण पहिल्यात गावाचे ज्ञान असते आणि दुसऱ्यात केवळ डिझेल. २०१७ मध्ये नवे माळीण जवळच वसविण्यात आले. पक्की घरे, रस्ते, शाळा झाली. गेलेली माणसे अर्थातच परत आली नाहीत.

पडकईला पुन्हा उभारी देण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेचा उल्लेख करावा लागेल. शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानातील हे कष्टही सार्वजनिक मोलाचे आहेत, त्यासाठी त्याला मजुरी मिळाली पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला. पुढे पडकईला शासकीय योजनेतही स्थान मिळाले. मला यातील तर्क बँकेच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. डोंगरावरील माती जागेवर थांबली, तर खालच्या धरणात गाळ कमी जातो. म्हणजे वरचा शेतकरी स्वतःसाठी खाचर बांधताना खालच्या धरणाचे आयुष्यही वाढवीत असतो. या सेवेचे बिल त्याने आजवर कोणाला पाठविलेले नाही.

पाठविणार तरी कसे? कागदावर तो जवळपास नाहीच. कर्ज मागायला येणाऱ्या शेतकऱ्याचा सातबारा पाहिला, की पुष्कळदा त्यावर क्षेत्र बरेच दिसे, पण त्यातील मोठा भाग पोटखराबा म्हणून नोंदलेला असे. म्हणजे लागवडीस अयोग्य. त्याच पोटखराब्यात तीन पिढ्यांनी घाम गाळून केलेली खाचरे असत. पीक डोळ्यांना दिसे, कागदावर मात्र खडक असे. शिवाय सातबारा आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, वाटणीदार बारा. पीककर्जाच्या हिशेबात ही जमीन बसत नसे. खाली बागायती पट्ट्यात एकरी ठरलेल्या दराने उसाला सहज कर्ज मंजूर होई, आणि त्या उसाला पाणी देणाऱ्या डोंगरातील माणूस बियाण्याच्या पैशांसाठी खासगी उसनवारीकडे वळे. आमच्या तक्त्यात श्रमाने घडविलेल्या मातीसाठी रकाना नव्हता.

भाताखेरीज या गावांचा दुसरा आधार म्हणजे हिरडा. त्रिफळ्यामुळे हिरडा आपल्या घराघरांत परिचित आहे. मार्च ते मे या काळात कोवळा बाळहिरडा गोळा करून उन्हात वाळवितात. औषधासाठी त्यालाच मागणी अधिक. वर्षाची रोख रक्कम हातात येण्याची बहुधा हीच वेळ. मुलांची पुस्तके, आजारपण, लग्नकार्य सगळे हिरड्यावर. म्हणूनच ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरड्याची झाडे मोडून पडली, तेव्हा ते नुकसान एका हंगामाचे नव्हते. मोडलेली शेती पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. हिरड्याचे झाड पिढीत एकदाच वाढते. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी आहे, २०१३-१४ पासून केंद्राने ठरविलेल्या किमान आधारभूत किमतीच्या वनोपजांत हिरडाही आहे. तरीही खरेदी वेळेवर सुरू झाली नाही, तर गरजू माणूस मिळेल त्या भावाने माल देऊन मोकळा होतो. आपल्यापैकी अनेकांची पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात गेलेली घराणी आहेत. गरजेच्या वेळी विकलेल्या मालाचा भाव आणि खरा भाव यांत किती अंतर असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या डोंगरात अजून एक ठेव आहे, ती म्हणजे देवराई. आहुप्याची देवराई अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. भर उन्हाळ्यातही आत शिरले की गारवा जाणवतो. जुने वृक्ष, त्यांना विळखा घालून वर गेलेल्या जाडजूड वेली, पायाखाली पानांचा मऊ थर. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, हा गावाचा नियम. त्यासाठी पहारेकरी नाही की पावती पुस्तक नाही. शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा मानचिन्ह प्राणी, याच रानात झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारताना दिसते. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. देवराईचा नियम त्याच्या कितीतरी आधीचा. जेथे असे रान टिकले आहे तेथील झरा उशिरापर्यंत वाहतो, हे गावातील कोणतीही स्त्री सांगेल. तिच्या हंड्याचे अंतर त्यावर ठरते.

आता पुन्हा पाण्याकडे येऊ. घोड नदी डोंगरातून उतरते न उतरते तोच डिंभे धरणात अडते. सुमारे साडेतेरा टीएमसीचे हे धरण कुकडी प्रकल्पाचा भाग आहे. त्याच्या पोटात मूळ आंबेगाव हे गाव गेले. तालुक्याचे नाव आंबेगाव राहिले, कचेऱ्या घोडेगावात, आणि आंबेगाव पाण्यात. धरणाचे कालवे पूर्वेकडे जातात. धरणाच्या वर, उंचावर असलेल्या वाड्यांना ते पाणी उन्हाळाभर डोळ्यांसमोर दिसते; वर चढविण्यासाठी लागणारी वीज आणि यंत्रणा मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरची. दिवाळी सरली की तेथील जोडपी मजुरीसाठी मंचर, नारायणगावच्या बाजूला टोमॅटो, कांदा, द्राक्षांच्या मळ्यांत जातात. म्हणजे आपल्याच डोंगरातून गेलेल्या पाण्यावर पिकलेल्या मळ्यात ती रोजाने राबतात.

हे दुःख भिगवणकरांना परके वाटण्याचे कारण नाही. १९८० मध्ये उजनी पूर्ण झाली, तेव्हा भीमाकाठची आपली गावेही पाण्याखाली गेली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर अजून वर येते आणि वृद्ध माणसे काठावर उभी राहून आपले घर कोठे होते ते नातवंडांना बोटाने दाखवितात. डिंभ्याच्या काठीही हेच घडते. उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर करणारा माणूस येथेही आहे, तेथेही आहे. फरक इतकाच की, आपल्याला गावाच्या बदल्यात काठाचे पाणी मिळाले, त्यावर ऊस आला, कारखाने आले, दुकाने चालली. वरच्यांच्या वाट्याला बुडणे आले, पाणी आले नाही.

आणि आपण त्या पाण्याचे काय करतो? उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातील जवळपास ६४ टीएमसी मृत साठा. तो काढावयाचा नसतो, म्हणून मृत. परंतु अलीकडे दर एक-दोन वर्षांनी धरण ‘उणे’ टक्क्यांत गेल्याची बातमी वाचावी लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर ते फार खोल गेले. बँकेत याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. खात्यात नसलेली रक्कम उचलायची आणि ऑगस्टमध्ये कोणीतरी भरणा करील, या भरवशावर राहायचे. तो भरणा करणारा म्हणजे आहुप्याचा, भीमाशंकरचा, माळीणचा डोंगर. त्या डोंगरावरची माती गेली, राई गेली, तर पाऊस तेवढाच पडेल. पण येणारे पाणी चार दिवसांत गढूळ लोंढ्याने येईल, गाळ टाकील आणि निघून जाईल. खातेदाराने ज्याच्या जिवावर उचल केली, त्याची साधी चौकशीही करू नये, हे व्यवहारालाही धरून नाही.

यासाठी मोठी चळवळ उभारावी असे माझे म्हणणे नाही. आपल्या हातून होण्याजोग्या काही गोष्टी आहेत. आपल्यापैकी बरेच जण पाणीवापर संस्थांत, कारखान्यांच्या सभांत, सहकारी बँकांच्या संचालक मंडळांत बसतात. पाण्याचा प्रश्न निघेल तेव्हा ‘वरच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याचे काय?’ एवढा एक प्रश्न तेथे विचारावा. वर्षाचा तांदूळ भरताना दोन पोती डोंगरातील बचत गटाकडून थेट घ्यावी. घासाघीस न करता. घोडेगाव परिसरातील आश्रमशाळांतून शिकून पुढे आलेल्या मुलांना वसतिगृहाचा, परीक्षेचा खर्च जड जातो. आपली मंडळे शिष्यवृत्ती देताना त्यांतील एक-दोन नावे या मुलांची असावीत. आणि पावसाळी सहलीला तिकडे गेलात, तर खाचराच्या बांधावरून चालू नका. तो बांध कोणाच्या तरी दहा शेजाऱ्यांनी एक उन्हाळा खर्चून घातलेला असतो.

लेकीचा संसार भरभराटीला आला की ती माहेरची विचारपूस करते, दिवाळीला भाऊबीजेची ओवाळणी घेते तशी काही देतेही. भीमा आपल्याकडे नांदायला आली त्याला युगे लोटली. तिच्या माहेरची घरे पावसाळ्यात गळतात आणि उन्हाळ्यात तहानलेली असतात. यंदा दौंडच्या विसर्गाचा आकडा विचाराल, तेव्हा तिकडची खुशालीही विचारा.

असो. पुढील महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवी आणि नामनिर्देशन या विषयावर, अनेक वाचकांच्या आग्रहावरून, लिहीन.